कमाई पुण्याची, म्हातारपण साताऱ्याचं

सातारा जिल्ह्यात २००७ साली नव्या जोडप्यांसाठी एक सरकारी योजना निघाली होती. ‘हनिमून पॅकेज’ म्हणूनच ती ओळखली गेली. लग्नानंतर पहिलं मूल दोन वर्षं लांबवलं तर ५,००० रुपये, तीन वर्षं लांबवलं तर ७,५००. पारावर तिची चेष्टा झाली, पण योजना शहाणपणाची होती. अठरा-एकोणिसाव्या वर्षी सासरी आलेल्या पोरीला दोन वर्षांची उसंत मिळणं ही काही थोडकी गोष्ट नव्हे. त्याच्याही आधीपासून, १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं तर ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही, असा नियम राज्यात होता. (त्या नियमापायी किती तिसरी पोरं कागदावर चुलत्याची झाली, ते ज्या त्या गावाला ठाऊक आहे.)

आता वारं फिरलंय. २०२४ च्या ऑक्टोबरात आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू यांनी लोकांनी जास्त मुलं होऊ द्यावीत असं जाहीरपणे सांगितलं, आणि तेव्हापासून आमच्याकडच्या सत्कार समारंभांतही तोच सूर लागतो. देश म्हातारा होतोय, कमावते हात कमी पडणार, तेव्हा पोरं वाढवा. देशाचं काय ते देशाला ठाऊक. सातारा-सांगलीपुरतं मात्र या हिशेबात मोठी खोट आहे. आज पाटणला किंवा आटपाडीला जन्मलेलं पोर २०५० साली पंचविशीत असेल, आणि तेव्हा ते हिंजवडीला नाहीतर आणखी कुठं तरी असेल. त्याला वाढवायचा, शिकवायचा खर्च आमच्या गावानं करायचा आणि त्याच्या कमाईवर शहरानं मोठं व्हायचं, हा व्यवहार आम्ही दोन-तीन पिढ्या करत आलो आहोत. तोच व्यवहार दुप्पट केल्यानं गावाचं म्हातारपण कसं सुसह्य होणार?

२००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या १६ टक्क्यांनी वाढली. पुणे जिल्ह्याची वाढली ३० टक्क्यांनी. साताऱ्याची फक्त ७ टक्क्यांनी. मुलं कमी होऊ लागली हे एक कारण आहेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्राचा जननदर बाईमागे १.७ इतका, म्हणजे लोकसंख्या स्थिर ठेवायला लागतो त्याहून कमी आला होता. पण जन्मदर तर पुण्यातही उतरला. मग एका जिल्ह्याची ७ आणि शेजारच्याची ३० ही तफावत आली ती एसटीत बसून खंबाटकी घाट उतरून गेलेल्या माणसांमुळे.

जाणं नवं नाही. पाटण-जावळीतून माणसं गिरणीत आणि माथाडीत गेली. माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातलेच. माण-खटावमधून दुष्काळानं माणसं बाहेर काढली. खानापूर, आटपाडी, तासगावातून गलाईवाले निघाले आणि सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात तामिळनाडूपासून पंजाबपर्यंत पोचले. पण त्या जुन्या जाण्यात आणि आताच्या जाण्यात एक फरक आहे, आणि अर्थशास्त्राच्या दृष्टीनं सगळं त्या फरकातच आहे. गिरणी कामगार एकटा जायचा. बायको, पोरं, म्हातारी गावात. दर महिन्याला मनीऑर्डर यायची. त्या पैशावर गावातला वाणी चालायचा, शिंपी चालायचा, विहिरीची खोदाई व्हायची. शेवटी तो गडीही गावातच परत यायचा. आताचा पोरगा लग्न करून बायकोला घेऊन जातो, फ्लॅट घेतो, आणि पुढची वीस वर्षं त्याचा पगार हप्त्यात जातो. त्यात त्याला दोष देऊन उपयोग नाही. मनीऑर्डरची जागा ईएमआयनं घेतली, आणि मनीऑर्डर गावाकडं यायची, ईएमआय शहरात राहतो, एवढंच.

गलाईवाल्यांची गोष्ट थोडी निराळी आहे. त्यांच्याकडं पैसा आहे आणि गावाची ओढही आहे. विट्याच्या आसपासच्या कुठल्याही गावात चक्कर मारा, दोन मजली बंगले दिसतील, संगमरवरी पायऱ्या, स्टीलचं गेट, आणि आत वरच्या मजल्याला कुलूप घालून खालच्या एका खोलीत राहणारी दोन म्हातारी माणसं. यात्रेला गाव भरतं, दारात केरळ-कर्नाटकाच्या नंबरप्लेटा लागतात, देवळाच्या कळसाला, मंडपाला लाखांनी देणगी पडते. चौथ्या दिवशी पुन्हा सामसूम. मला देवळाचं वावडं नाही, पण त्या देणगीतल्या दहाव्या हिश्श्यात गावाला एक नर्स आणि एक गाडी बारा महिने ठेवता येईल, हे यात्रेच्या बैठकीत कुणी बोललं तर लोक त्याच्याकडं नास्तिकासारखं बघतात.

म्हातारी माणसं म्हणजे बोजा, ही भाषाही मला पटत नाही. लोकसंख्येच्या गणितात साठीच्या पुढचा प्रत्येक जण ‘अवलंबित’ धरतात. आमच्या आळीतली अडुसष्ट वर्षांची काकू पहाटे दोन म्हशींची धार काढते, डेअरीला दूध घालते, दिवसा भांगलायला जाते आणि संध्याकाळी लेकीचं पोर सांभाळते. तिच्या दुधाच्या पगारावर घरातलं तेल-मीठ चालतं. यात अवलंबून कोण कुणावर? ऊस, दूध, भाजीपाला या आमच्या भागातल्या तिन्ही धंद्यांत राबणारे हात बघितले तर त्यांवरच्या शिरा वर आलेल्या दिसतील. त्याचं कौतुक करून थांबायचं मात्र नाही. काकू हौसेनं राबत नाही, दुसरा आधार नाही म्हणून राबते. आणि ज्या दिवशी तिचा खुबा मोडेल त्या दिवशी म्हशी विकाव्या लागतील, पोर सांभाळायला माणूस लागेल आणि काकूला सांभाळायला दुसरा. वयाचा खर्च असा हप्त्याहप्त्यानं येत नाही, एका रात्रीत येतो.

या सगळ्यात ज्याची चर्चा सर्वांत कमी होते ती गोष्ट म्हणजे जमीन. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी खानापूर-आटपाडीच्या शिवारात पोचलं तोवर शिवारातला गडी साठीला टेकला होता. ज्या पाण्यासाठी त्यानं मोर्चे काढले, ते बांधावर आल्यावर त्याच्याकडं दारं धरायची, म्हणजे पिकाला पाणी पाजायची, ताकद उरली नव्हती. मग तो काय करतो? ऊस लावतो. द्राक्षाला छाटणी, डिपिंग, थिनिंग, रोजची नजर आणि रोजची माणसं लागतात; ऊस लावला की कारखान्याची टोळी येऊन तोडून नेईपर्यंत पाण्यावाचून फारसं काही मागत नाही. आमच्याकडं उसाला आळशाचं पीक म्हणतात. मी त्याला आता म्हाताऱ्याचं पीक म्हणतो. दुष्काळी पट्ट्यात आणलेलं महागडं पाणी उसाला का जातं, यावर तज्ज्ञ भाव, राजकारण, कारखानदारी अशी कारणं देतात. ती खरीच आहेत. त्यात शेतकऱ्याचं वय हे एक कारण जोडावं, एवढंच माझं म्हणणं.

ज्याला ऊसही झेपत नाही त्याची जमीन पड राहते. गावात कसायला तयार असलेला तरुण असतो, त्याच्याकडं जमीन नसते. ज्याच्याकडं जमीन आहे तो ऐंशीचा. मग कागद करून खंडानं का देत नाही? कूळ लागेल, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर कायमचा हक्क लागेल, म्हणून. १९४८ चा कूळकायदा आणि कुळांना मालक ठरवणारा १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन यांना कितीतरी वर्षं उलटली, पण सातबाऱ्यावर दुसऱ्याचं नाव चढेल ही धास्ती बापाकडून लेकाकडं वारसानं आली आहे. म्हणून जे काही देणं-घेणं होतं ते तोंडी, वर्षाच्या बोलीवर, निम्म्या वाट्यानं. तोंडी बोलीवर कसणाऱ्याला पीककर्ज मिळत नाही, पीकविमा मिळत नाही, आणि पुढच्या वर्षी रान हातात राहील याची खात्री नसल्यानं तो त्यात शेणखताची एक गाडीही टाकत नाही. कायदा कसणाऱ्याच्या भल्यासाठी आला होता आणि त्यानं त्या काळी भलं केलंही. मालक म्हातारा, एकटा आणि गावातच असेल अशी वेळ येईल, हे त्या कायद्याच्या स्वप्नातही नव्हतं. ठरावीक मुदतीचा, कूळहक्क न लागणारा, तलाठ्याकडं नोंदवलेला साधा भाडेकरार मिळाला तर म्हाताऱ्याला बसल्या जागी खंड मिळेल आणि तरुणाला रान. सरकारच्या तिजोरीतून एक पैसा न जाता होणारं एवढं मोठं काम मला दुसरं दिसत नाही.

आता पेन्शनकडं येतो. साताऱ्याच्या गावांना पेन्शन म्हणजे काय ते माहीत आहे. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात घरटी सैनिक. पस्तिशी-चाळिशीत परत आलेला जवान आणि त्याची जन्मभराची पेन्शन यांवर कित्येक घरं, दुकानं, पोरांची शिक्षणं उभी राहिली. पाऊस पडो न पडो, एक तारखेला पैसे जमा. जून २०२२ मध्ये सैन्यभरतीची अग्निपथ योजना आली. चार वर्षांची नोकरी, चारातला एक कायम, बाकीच्या तिघांना एकरकमी पैसे आणि पेन्शन नाही. सैन्यदलाच्या दृष्टीनं ती योग्य की अयोग्य यात मी पडत नाही. पण जिल्ह्याच्या अर्थकारणात दर महिन्याला पडणारा एक खात्रीचा पाऊस पुढच्या पिढीपासून आटणार आहे, हे कुठल्याच जिल्हा नियोजनाच्या बैठकीत कुणी बोललेलं माझ्या ऐकिवात नाही.

ऊस पट्ट्यातला दुसरा मोठा वर्ग कारखान्यांचे निवृत्त कामगार. त्यांची पेन्शन ‘ईपीएस ९५’ची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीतल्या कर्मचारी पेन्शन योजनेची. तिचं गणित कुणीही मांडून बघावं. योजना १६ नोव्हेंबर १९९५ ला सुरू झाली. २०१३ मध्ये निवृत्त झालेल्या कामगाराचा पगार कितीही असला तरी पेन्शनसाठी धरला जायचा तो जास्तीत जास्त ६,५००. त्याला सेवेच्या १८ वर्षांनी गुणा, ७० नं भागा. १,६७१ रुपये. आधीच्या नोकरीचे काहीशे त्यावर. महागाई वाढली म्हणून ही रक्कम वाढत नाही. आणि २०१४ पासून किमान पेन्शन १,००० रुपये आहे, ती आजही तेवढीच. ज्यानं तीस-पस्तीस गळीत हंगाम बॉयलरच्या धगीत काढले, त्याच्या म्हातारपणाची किंमत ही.

ज्यांना तेही नाही त्यांच्यासाठी श्रावणबाळ योजना. (श्रावणबाळाची गोष्ट शेवटी कशी संपते ते नाव ठेवणाऱ्याच्या ध्यानात आलं नसावं.) पासष्टीनंतर महिन्याला १,५०० रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाच्या या रकमेत केंद्राचा वाटा ८० वर्षांपर्यंत २०० रुपये आहे, आणि २००७ पासून त्या २०० चे २०१ झालेले नाहीत. पण खरी मेख पुढं आहे. श्रावणबाळला उत्पन्नाची मर्यादा आहे वर्षाला २१,००० रुपये. म्हणजे दिवसाला ५७-५८. एवढ्या पैशात घर चालवणारं कुटुंब जिल्ह्यात शोधून दाखवावं. तरीही लाभार्थी आहेत, कारण ‘एकवीस हजारांच्या आतला दाखला’ हा शब्दप्रयोग आता आमच्या बोलीत रूढ झाला आहे. जन्मभर कुणाचा रुपया न बुडवलेल्या माणसाला सत्तरीत सरकार पहिलं खोटं बोलायला लावतं. जो खोटं बोलत नाही तो बाहेर.

त्याच्या शेजारी लाडकी बहीण ठेवून बघा. रक्कम तीच, १,५००. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. वयाची अट २१ ते ६५. म्हणजे आमच्या गावातल्या एखाद्या विधवेला चौसष्टाव्या वर्षी १,५०० रुपये मिळतात, घरचं उत्पन्न लाख-दीड लाख असलं तरी. तिला पासष्ट पूर्ण झाली की ती बहीण राहत नाही. आता तिनं आई व्हायचं, आणि आई व्हायचं तर उत्पन्न २१ हजारांच्या आत पाहिजे. वय वाढलं, गुडघे गेले, मजुरी बंद झाली, आणि नेमकी तेव्हाच सरकारनं मर्यादा बारा पट खाली आणली. ही काटकसर नव्हे. दोन योजना दोन वेळेला, दोन निवडणुकांच्या हिशेबानं लिहिल्या गेल्या आणि त्या एकाच बाईच्या आयुष्यात एकापुढं एक येणार आहेत हे कुणी बघितलं नाही.

अट न लावता सगळ्याच म्हाताऱ्यांना पेन्शन द्यायची तर पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न रास्त आहे. २०११ च्या जनगणनेत राज्यात साठीच्या पुढचे लोक सुमारे १ कोटी ११ लाख होते, लोकसंख्येच्या ९.९ टक्के. प्रत्येकाला महिना ३,००० रुपये द्यायचे म्हटलं तर त्या आकड्यावर वर्षाला ४० हजार कोटींच्या घरात खर्च जातो. आज संख्या बरीच वाढली आहे, पण वय पासष्ट धरलं आणि सरकारी पेन्शनवाले व आयकर भरणारे वगळले तर ती पुन्हा खाली येते. लाडकी बहीण जाहीर झाली तेव्हा तिचा वर्षाचा खर्च ४६ हजार कोटी सांगितला होता. तेव्हा ‘परवडत नाही’ हे उत्तर आता कुणी देऊ नये. परवडतं कुणासाठी आणि परवडत नाही कुणासाठी, हे ठरवावं लागतं.

आणि ठरवायचं कसं, हे सांगली जिल्ह्यानंच एकदा दाखवून दिलंय. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे यांनी साठच्या दशकात, मागेल त्याला काम ही कल्पना आधी आपल्या तालुक्यात करून बघितली आणि मग सरकारच्या गळी उतरवली. १९७२ च्या दुष्काळाच्या काळात तिची रोजगार हमी झाली, पुढं कायदा झाला. आज लोकांना ते आठवतं. आठवत नाही ती त्यामागची दुसरी अर्धी गोष्ट. या हमीसाठी पैसा उभा करायला महाराष्ट्रानं १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला. मुंबईच्या पगारदारानं महिन्याला काही रुपये द्यायचे आणि त्यातून माणदेशातल्या बाईच्या हाताला खडी फोडायचं का होईना, काम मिळायचं. शहराच्या पगारावर गावाचा हक्क आहे, हे तेव्हा कायद्यानं मान्य केलं होतं. तो पगार कमावणारा माणूस गावानंच वाढवून पाठवला होता, हे त्यामागचं तत्त्व. कुणी तसं बोललं नसेल, पण हिशेब तोच होता.

तो कर आजही चालू आहे. पुण्यातल्या कुठल्याही पगारपत्रकावर बघा, महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. राज्यघटनेनं १९८८ मध्ये २,५०० ची कमाल मर्यादा घातली ती तशीच आहे. त्यामुळं बारा हजारांवर सोसायटीच्या गेटवर उभा राहणारा पाटणचा गडी आणि त्याच सोसायटीत तीन लाख पगार घेणारा मॅनेजर, दोघंही २,५०० च भरतात. ही मर्यादा संसदेनं उठवावी, वरच्या पगारांना कर वाढवावा, खालच्यांचा माफ करावा, आणि वाढलेला पैसा ज्या जिल्ह्यांत वृद्धांचं प्रमाण जास्त त्यांच्याकडं वळवावा. सगळा खर्च त्यात भागणार नाही. गावात आशाताईंच्या जोडीला घरी जाऊन वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या पगारी बायका नेमण्याइतका भागेल.

या शेवटच्या गोष्टीला मी पेन्शनएवढंच वजन देतो. म्हातारपणाची काठी पाहिजे म्हणून आम्ही मुलगे मागितले. २००१ च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या १,००० मुलग्यांमागे ८५१ मुली होत्या. ती पोरं आता पंचविशी-तिशीत आहेत. गावात राहिलेल्यांतल्या कित्येकांना मुलगी मिळत नाही, आणि म्हातारीचं अंथरूण-पांघरूण, औषधपाणी करणारी जी सून आपण गृहीत धरली होती ती जन्मालाच आलेली नाही. जी आहे तिच्यावर दोन्हीकडचा भार. आमच्या ओळखीतल्या एकीनं सासूला अर्धांगवायू झाल्यावर कराडमधली दुकानातली नोकरी सोडली. मिरजेला रोज नवे दवाखाने उघडतात, गुडघे बदलून मिळतात, पण गुडघे बदलून घरी आलेल्या बाईला संडासापर्यंत न्यायला कुणी लागतं, ते दवाखान्याच्या बिलात येत नाही. सत्तरीच्या पुढच्यांना २०२४ पासून ‘आयुष्मान’चं पाच लाखांचं संरक्षण आहे, तेही दवाखान्याच्या दारापर्यंतच. २००७ चा आई-वडिलांच्या पोटगीचा कायदा प्रांताधिकाऱ्यापुढं जाऊन मुलाकडून १०,००० पर्यंत मागता येतील म्हणतो. कुठली आई प्रांताकडं जाते?

२०२१ ला व्हायची जनगणना २०२७ मध्ये होते आहे. संदर्भाची तारीख १ मार्च. त्या दिवशी गेटवर उभा असलेला पाटणचा गडी पुण्यात मोजला जाईल, त्याची आई पाटणमध्ये. ग्रामपंचायतीचा वित्त आयोगाचा निधी मुख्यतः डोक्यांवर ठरतो. आजवर २०११ ची डोकी धरून जो निधी येत होता, तो नव्या आकड्यांनी अनेक गावांचा कमी होईल, नेमका त्या वेळी जेव्हा उरलेल्या डोक्यांतलं दर तिसरं-चौथं पिकलेलं असेल. राज्याच्या वित्त आयोगानं निधीच्या सूत्रात वयाचा एक रकाना आत्ताच घातला पाहिजे. पंधराव्या वित्त आयोगानं राज्यांना पैसे वाटताना, ज्यांनी लोकसंख्या आवरली त्यांना १२.५ टक्क्यांचं वजन दिलं होतं. साताऱ्यानं तर त्यासाठी जोडप्यांना रोख पैसे दिले होते.